माहीत नसेल तर

ऑफिसात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. कागदोपत्री ती आरोग्य खात्याची प्रशिक्षण अधिकारी होती, पण ती बोलायला उभी राहिली की समोरचा माणूस आपोआप सरळ बसायचा, मग तो डॉक्टर का असेना. तिचं काम होतं देशभरातल्या छोट्या आरोग्य केंद्रांतल्या सिस्टरांना टॅब वापरायला शिकवणं. आधी या सिस्टर दर आठवड्याला रोग्यांचा कागदी तक्ता भरून टपालाने पाठवायच्या. तो मुख्य कार्यालयात पोचेपर्यंत रोगी बरा तरी झालेला असायचा, नाहीतर गेलेला तरी. आता शनिवारी दुपारी टॅबवर बोट फिरवलं की सोमवारी सकाळी साहेबांच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळा देश ठिपक्याठिपक्यांनी उमटायचा. ज्या केंद्राने माहिती भरली तो ठिपका हिरवा, ज्याने भरली नाही तो तांबडा.

दीड वर्षात मास्तरणीने एक्केचाळीस प्रशिक्षणं घेतली आणि पडदा हिरवागार करून दाखवला. वर्तमानपत्रात फोटो आला. सासूबाईंनी तो कापून फ्रिजच्या दारावर चिकटवला, आणि घरी कुणीही आलं की पाणी द्यायच्या निमित्ताने त्याला स्वयंपाकघरात न्यायचा सपाटा लावला. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही तो फोटो दोनदा बघावा लागला होता.

त्या सोमवारी साहेबांनी तिला बोलावलं तेव्हा तिला वाटलं, बढतीचं पत्र आलं. राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून तिचं नाव वर गेलेलं होतं. पण साहेबांनी बसा म्हणताना मान वर केली नाही, आणि समोर एक पातळ फाईल सरकवली.

"टेकडीवरच्या केंद्रातल्या सिस्टर आठवतात?"

तिला आठवेनात. नऊशे सिस्टरांतल्या एक कशा आठवणार?

"त्यांच्या भागात दोन मुलांचे घसे धरले. त्यांनी घशाचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवले, मुलांना मोठ्या रुग्णालयात धाडलं. इथपर्यंत सगळं चोख. पण टॅबवर घटसर्पाच्या रकान्यात काय भरलं? शून्य. पुढच्या आठवड्यात पुन्हा शून्य. चार आठवडे, चार शून्यं."

"मुलं?"

"ती वाचली. रुग्णालयात होत्या तेवढ्या औषधाच्या कुप्या त्यांना लागल्या. रुग्णालयाने नव्या मागवल्या, तर आपल्या भांडाराने पडद्यावर बघितलं, त्या भागात रुग्ण शून्य. मागणी गेली रांगेच्या शेवटी." साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग त्याच वस्तीतली आठ वर्षांची मुलगी आली. कुपी नव्हती. गुरुवारी गेली ती. प्रयोगशाळेचा निकालही गुरुवारीच आला."

मास्तरणीने फाईल स्वतःकडे ओढली. यात आपला काय संबंध, ते तिला अजून कळलं नव्हतं.

"नमुने पाठवले म्हणजे संशय होता. संशय असून शून्य भरलं. याला आपण खोटी माहिती म्हणतो. निलंबित केलंय त्यांना, येत्या बुधवारच्या पुढच्या बुधवारी चौकशी. तुमची एक सही हवीय फक्त."

कागद टाईप करून तयारच होता. 'सदर कर्मचाऱ्यास अहवाल भरण्याबाबत सर्व योग्य सूचना प्रशिक्षणात देण्यात आल्या होत्या.' खाली तिचं पद, वर टिंबांची ओळ.

आणि तेव्हा तिला आठवलं. चेहरा नाही, आधी हात आठवला. शाळेचं सभागृह होतं, प्रशिक्षणाचा दुसरा दिवस, पाचला दहा मिनिटं कमी. तिची गाडी साडेपाचला होती. तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला, मनगटावर पुरुषी घड्याळ.

"मॅडम, नमुना पाठवलाय पण निकाल आला नसेल तर काय भरायचं? म्हणजे, आहे की नाही ते माहीतच नसेल तर?"

दोन दिवसांत विचारला गेलेला तो एकमेव शहाणा प्रश्न होता, आणि मास्तरणीला त्याचं उत्तर येत नव्हतं. तिने रकाना रिकामा ठेवून बघितला. टॅबने तांबडी रेघ मारली आणि पुढे जाऊ दिलं नाही. माहितीपुस्तिका बॅगेत तळाशी होती. 'मला माहीत नाही, विचारून सांगते' एवढं म्हणायला काही लागत नाही, पण व्यासपीठावर उभ्या असलेल्या बाईच्या तोंडून ते निघत नाही. ती ठसक्यात म्हणाली, "माहीत नसेल तर शून्य टाका. निकाल आला की दुरुस्त करता येतं."

"कागदावर शेरा लिहायला जागा असायची. इथे?"

"शेरेबिरे विसरा आता."

"मग फोन करून कळवू का?"

"सिस्टर, फोन आता फक्त सुनेला करायचा!"

सगळं सभागृह खो खो हसलं. विचारणाऱ्या सिस्टरही हसल्या. मास्तरणीने वेळ मारून नेली होती. तिला गाडी मिळाली, वर खिडकीची जागाही मिळाली.

दुरुस्त करता येत नाही हे तिला दोन महिन्यांनी कळलं. आठवडा उलटला की टॅबवरचा तक्ता बंद होतो, मग उघडत नाही. सगळ्या केंद्रांना तसं पत्र पाठवायचं तिने ठरवलं होतं. पण पत्रात कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण होती ती स्वतःच. पत्र राहून गेलं. म्हणजे तिने राहू दिलं. तोवर ते वाक्य तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं की पुढच्या प्रत्येक प्रशिक्षणात तिने ते कुणी न विचारताच सांगितलं. शून्य टाकलं की कुणाचं अडत नव्हतं आणि ठिपके हिरवे होत होते.

साहेबांनी पेन पुढे केलं. हात सवयीचा; सही होऊन गेली.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या आणि तशीच दाराशी स्टुलावर बसली. आत सासूबाई शेजारणीला फोटो दाखवत होत्या. "आमची सून सगळ्या देशाला शिकवते," असं काहीतरी चाललं होतं. शेजारीण गेल्यावर सासूबाई बाहेर आल्या.

"काय गं, तोंड का उतरलंय? बढती हुकली?"

मास्तरणीने सांगून टाकलं. नवरा घरी असता तर त्याला सांगितलं असतं, आणि तो 'तू एकटी थोडीच आहेस' असं काहीतरी म्हणाला असता. सासूबाई तसल्या नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तूच तिला शून्य टाकायला सांगितलंस."

"हो, आई."

"आणि नीट शिकवलं असं लिहून दिलंस."

"हो."

"मग सही कशाला केलीस?"

साहेब समोर होते, पेन समोर होतं, कागद टाईप केलेला होता. यातलं काही सांगण्यासारखं नव्हतं. सासूबाई उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढायला ती फ्रिजपाशी गेली तर दारावर फोटोच्या जागी चिकटपट्टीचे चार तुकडे राहिले होते.

त्या दिवशी तिने रजा टाकली आणि टेकडीवर गेली. साडेचार तासांचा प्रवास, पुढे अर्धा तास चढ. सिस्टरांचं घर केंद्राला लागूनच होतं. निलंबनामुळे त्यांना केंद्राचा उंबरा ओलांडायला बंदी होती, म्हणून बायका पोरांना कडेवर घेऊन सरळ त्यांच्या घराच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या होत्या. सिस्टर एकेकीला बघत होत्या आणि प्रत्येकीला बजावत होत्या, "मी बघितलं असं तिथे सांगू नका हं."

मास्तरणीला पाहून त्या गडबडीने उठल्या. "अगं बाई, मॅडम! इतक्या लांब तुम्ही? आधी पाणी घ्या."

म्हाताऱ्या होत आलेल्या, कामाने कणखर झालेल्या बाई. मनगटावर तेच घड्याळ. मास्तरणीने वाटेत जे काही जुळवून ठेवलं होतं ते पाण्याबरोबर खाली गेलं. तिने कसंबसं विचारलं, "त्या दिवशी प्रशिक्षणात मी तुम्हाला काय सांगितलं होतं, आठवतंय?"

"आठवायचं कशाला? लिहिलंय." सिस्टर आत जाऊन एक लांबोडकी वही घेऊन आल्या. दोन दिवसांचं सगळं गोल गोल अक्षरात उतरवलेलं होतं, तारीखवार. शेवटच्या पानावर: 'निकाल नसेल तर? — शून्य. नंतर दुरुस्ती होते (मॅडम). शेरा नाही. फोन फक्त सुनेला!!' त्यापुढे हसरं तोंडही काढलं होतं.

"मला सून नाही हो," सिस्टर म्हणाल्या. "मुलगाच नाही तर सून कुठली? पण तुम्ही म्हणालात तेव्हा हसू आलं खरं."

"ही वही चौकशीत दाखवा, सिस्टर. तुम्ही सुटाल."

"सुटेन ना. पण ती दाखवणार नाहीये मी." त्यांनी वही मिटली. "तुम्हाला वाचवायला लपवलीय असं समजू नका हां, मी एवढी थोर नाही. मला सुटायचंच नाहीये. सव्वीस वर्षं घसे बघतेय मी. त्या पोरांच्या घशात तो पांढुरका पडदा बघितला तेव्हाच मला कळलं होतं काय आहे ते. निकालाची गरजच नव्हती. पूर्वी असतं तर शेऱ्यात लिहिलं असतं, फोन करून साहेबांचं डोकं खाल्लं असतं. पण तुमच्या टॅबने मला काय वाटतं ते विचारलंच नाही. त्याने विचारलं, किती. आणि तुम्ही सांगितलं होतं, शून्य. मी म्हटलं, नवीन लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळत असणार."

पायऱ्यांवर एक पोर रडायला लागलं. सिस्टरांनी तिकडे पाहिलं आणि पुन्हा इकडे.

"ती मुलगी माझ्याकडेच आली होती आधी. मीच तिला गाडीत बसवून दिलं. म्हटलं, जा, तिथे औषध आहे."

मास्तरणीला तिथून उठून जावंसं वाटलं, आणि एवढं लांब येऊन अर्धंच सांगितलंय हेही कळत होतं. मान खाली घालून ती म्हणाली, "मी सही केलीय, सिस्टर. तुम्हाला सगळं नीट शिकवलं होतं म्हणून."

सिस्टरांनी पाण्याचं भांडं उचललं, विसळलं, पालथं घातलं.

"हो का," त्या म्हणाल्या. "गाडी चुकेल तुमची."

पुढच्या सकाळी साहेब यायच्या आधी मास्तरीण त्यांच्या दाराशी उभी होती. हातात दोन कागद, हाताने लिहिलेले. सिस्टरांनी काय विचारलं, तिने काय उत्तर दिलं, दुरुस्ती होत नाही हे तिला कधी कळलं आणि कळूनही ती कशी मूग गिळून बसली, हे सगळं त्यात होतं. साहेबांनी उभ्यानेच वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं.

"हे तुम्ही त्या एकाच ठिकाणी बोललात ना?"

"नाही. नंतरच्या एकोणतीस ठिकाणीही."

साहेबांनी वळून भिंतीकडे पाहिलं. पडदा हिरवागार होता. "म्हणजे यातलं किती खरं आहे?"

"माहीत नाही," मास्तरीण म्हणाली. साहेबांसमोर हे दोन शब्द तिने नोकरीत पहिल्यांदाच काढले होते आणि ते बोलून तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही.

"हा कागद मी पुढे पाठवला तर तुमचं नाव मागे घ्यावं लागेल, कळतंय ना? आणि हा सगळा नकाशा पुसावा लागेल. दीड वर्षाचा."

"पुसा."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही आणि शिपायाला हाक मारून कागदावर आवक शिक्का मारून घेतला.

पुढचे तीन आठवडे तिने फोन करण्यात काढले. नऊशे केंद्रं, प्रत्येकीला एकच प्रश्न: तुमच्या शून्याचा अर्थ काय? बहुतेकींचं शून्य खरोखरीचं शून्य होतं. दोनशे सतरा जणी मात्र म्हणाल्या, "शून्य म्हणजे माहीत नव्हतं, मॅडम." कुणी चिडून म्हणालं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्या सगळ्या अगदी सरळ आवाजात सांगत होत्या, चांगल्या विद्यार्थिनीने पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशा. एक तर उत्साहाने म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतंत, माझ्या चांगलं लक्षात आहे!" दोन ठिकाणी संशयाचे घसे सापडले आणि औषध वेळेवर पोचलं. ऑफिसात लोकांनी तिची पाठ थोपटली. तिने जेवणाचा डबा उचलला आणि जिन्यात जाऊन बसली. आठ वर्षांची मुलगी कितव्या यत्तेत असते, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

चौकशीचं जे व्हायचं ते झालं. सिस्टरांचं निलंबन उठलं, सेवापुस्तकात ताकीद राहिली. मास्तरणीलाही ताकीद मिळाली आणि राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या यादीतून तिचं नाव गेलं. टॅब बनवणाऱ्यांनी घटसर्पाच्या रकान्याशेजारी नवं बटण दिलं, 'माहीत नाही, निकाल यायचा आहे', आणि खाली शेरा लिहायला जागा. आता सगळ्यांना पुन्हा शिकवायचं होतं. साहेब म्हणाले, "टॅब दुपारनंतर. सकाळी आधी घसा बघायला शिकवा. नव्या मुलींनी घटसर्प पुस्तकातच बघितलाय."

घसा बघायला शिकवणं मास्तरणीला येत नव्हतं. तिने टेकडीवर पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं, तेव्हाही नाही. मग प्रशिक्षणाच्या सकाळी, सभागृहात खुर्च्या मांडून होत होत्या तेवढ्यात, सिस्टर दारात उभ्या राहिल्या. हातात बॅटरी आणि जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्यांचं पुडकं. "नमस्कार" एवढंच म्हणाल्या.

बत्तीस जणी जमल्या होत्या. मास्तरीण उभी राहिली, सिस्टरांची ओळख करून द्यायला तिने तोंड उघडलं. सिस्टरांनी तिला मध्येच थांबवलं.

"मॅडम, तुम्ही या खुर्चीत बसा. खिडकीकडे तोंड करून."

"मी?"

"कुणाचा तरी घसा लागणारच ना."

ती बसली. सिस्टरांनी तिची हनुवटी धरून मान थोडी मागे केली, पट्टी सोडवली, बॅटरी लावली. "आ करा. मोठा." पट्टी जिभेवर दाबून बसली. सिस्टरांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकीला जवळ बोलावून दाखवायला सुरुवात केली. हा पडजिभेचा भाग, या दोन बाजूच्या गाठी, निरोगी घसा असा गुलाबी दिसतो. पडदा आला तर पांढुरका, राखाडी, चिकटून बसलेला. खरवडायचा नाही, रक्त येतं. निकालाची वाट बघत बसायचं नाही, बघितल्याबरोबर कळवायचं.

पंधरा-सोळा जणी होऊन गेल्या. तेव्हा दुसऱ्या पट्टीचं टोक मास्तरणीच्या घशात डाव्या बाजूला अलगद टेकवून सिस्टर म्हणाल्या, "माझ्याकडे एक मुलगी आली होती, तिचा पडदा इथून सुरू झाला होता." कुठली मुलगी ते रांगेतल्या कुणाला माहीत नव्हतं. प्रत्येक नव्या मुलीला सिस्टर तेच वाक्य त्याच आवाजात सांगत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी पट्टी त्याच जागी टेकत होती.

मास्तरणीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते कानापर्यंत, मग मानेवरून आत उतरत होतं. तिला काही बोलता येत नव्हतं, आणि हात खुर्चीच्या दांड्यांवरून उचलायचे नाहीत हे तिने स्वतःच ठरवलं होतं.

एक तरुण सिस्टर वाकता वाकता थबकली. "अहो, मॅडमना त्रास होतोय. थोडं थांबायचं का?"

"होऊ दे," सिस्टर म्हणाल्या. "तू नीट बघितलंस ना? मग बाजूला हो. पुढची ये."